सहावा मणी

"मला एक मोकळी माळ द्या," यंत्र बसवायला आलेला इंजिनिअर हात पुसत म्हणाला. "साखर लागलेली माझ्या पेटीत आहे. तुलनेला अशी हवी, जिच्यावर काही म्हणजे काही नाही. तुमच्या खात्रीतली."

"खात्रीची?" शिडीबाई हसल्या. "आमच्याकडे बिनखात्रीचा माल मिळतच नाही."

आणि त्या उठून शीतपेटीकडे गेल्या.

प्रथिनाच्या लहान तुकड्याला पुस्तकात पेप्टाइड म्हणतात, पण या प्रयोगशाळेत त्याला सगळे माळच म्हणत. माळेत मणी. मण्यांच्या जाती वीस, आणि प्रत्येक जातीचं वजन ठरलेलं. माळ यंत्रात घालून तोडायची, तुकड्यांची वजनं घ्यायची आणि एका तुकड्यातून दुसरा वजा करत जायचं. सत्तावन्न उरले तर हा मणी, सत्त्याऐंशी उरले तर तो. अशी पायरी पायरी चढत गेलं की अख्खी माळ वाचून होते. शिडीबाईंना हे आकडे पाढ्यांसारखे पाठ होते. कॉम्प्युटर उत्तर शोधत बसायचा तोवर यांनी पट्टी लावून कागदावर उत्तर लिहिलेलं असायचं. या पायऱ्यांपायीच त्यांना शिडीबाई नाव पडलं आणि सत्तावीस वर्षांच्या नोकरीत खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं.

शीतपेटीत उणे ऐंशी अंशांवर शेकडो नळ्या होत्या. त्यातल्या कुठल्याही नळीवर हात पडला असता. पण तो पडला सगळ्यात खालच्या खणात, उजव्या कोपऱ्यातल्या एका नळीवर, आणि तिथेच का पडला ते देव जाणे. नळीवर बारीक, टोकदार अक्षरात नऊ मण्यांची नावं होती आणि सहाव्या मण्याभोवती एक छोटं वर्तुळ होतं. ते अक्षर ओळखायला शिडीबाईंना क्षणही लागला नाही. खारूताईचं अक्षर.

खारूताई म्हणजे सतरा वर्षांपूर्वी इथे संशोधन करणारी मुलगी. नळ्या साठवून साठवून ठेवायची म्हणून खारूताई. हाताला चपळ, बोलायला फटकळ आणि कामाला वाघ. तिचं म्हणणं होतं की या माळेच्या सहाव्या मण्यावर साखरेचा एक कण जोडलेला असतो आणि त्या कणावरच त्या प्रथिनाचं सगळं कामकाज चालतं. तीन वर्षं खपून तिने ही नळी भरली आणि वाचायला शिडीबाईंकडे दिली. शिडीबाईंनी माळ भट्टीत घातली. भट्टी म्हणजे जुनं यंत्र. त्यात माळेला वायूच्या टकरा देऊन देऊन तापवायचं, तापली की ती तुटते. तुकडे आले, वजनं आली. सहाव्या पायरीवर आकडा आला सत्त्याऐंशी. नुसता मणी, वर काहीच नाही.

अहवालाच्या छापील कागदावर प्रत्येक मण्यासमोर तीन चौकटी असत. 'भरलेला', 'मोकळा' आणि 'सांगता येत नाही'. शिडीबाईंनी सहाव्या मण्यासमोर 'मोकळा'वर खूण केली. बाकीच्या आठांसमोरही तीच. आता साखर जर कुठल्याच मण्यावर नाही, तर नमुन्यात साखरेच्या कणाचं दोनशे तीन हे वजन येतं कुठून? प्रयोगशाळेचे प्रमुख, सर, म्हणाले, "घाण असणार. हात स्वच्छ नव्हते, दुसरं काय." खारूताई दोन महिने भांडली. मग भांडायची थांबली. मग यायचीच थांबली. प्रबंध अर्धाच राहिला.

ही झाली जुनी गोष्ट. मोकळी माळ म्हणून शिडीबाईंनी ती नळी इंजिनिअरच्या हातात ठेवली.

नवं यंत्र खोलीभर पसरलं होतं. मध्ये माणसाच्या उंचीचं चुंबक, त्याच्या पोटात हवा जवळजवळ नाहीच अशी पोकळी. इंजिनिअर बडबड्या होता. वेफर्स खात खात त्याने नळीतला अर्धा थेंब सुईत ओढला आणि पडद्यावर नमुन्याची वजनं आली. दोन उंच रेघा दिसल्या. एक माळेच्या वजनाची, दुसरी तिच्याहून दोनशे तीन जास्त.

"ही जड कोण?" त्याने विचारलं.

"ती घाण आहे," शिडीबाई म्हणाल्या. तोंडात तोच शब्द आला, सरांचा.

"बघूया तरी घाण कशी दिसते," म्हणत त्याने हलकी रेघ सोडून जडच पकडली. "या, बसा इथे. हे पहिल्यांदा बघताय ना? मग नीट बघा. मी चाळीसेक यंत्रं बसवली असतील, पण मला अजून कंटाळा आलेला नाही."

आणि तो सांगत गेला. या प्रत्येक माळेवर तीन धन प्रभार आहेत. त्या चुंबकाच्या पोटात अधांतरी गरगर फिरतायत. आता आपण त्यांच्यात इलेक्ट्रॉन सोडायचे. जोरात नाही, अगदी हळू. जोरात सोडले तर ते माळेला धडकून निघून जातील. हळू सोडले तर माळेवरचा धन प्रभार त्यांना ओढून घेतो. एक इलेक्ट्रॉन आत आला की तिनाचे दोन प्रभार राहतात आणि माळ तुटते.

"एका इलेक्ट्रॉननं?"

"एका. आणि कुठे तुटते माहितीये? भट्टीत जिथे तुटायची तिथे नाही, त्याच्या शेजारच्या बंधाला. मण्यामण्यातला जो मजबूत धागा, तोच. आणि इतक्या झटक्यात की तुमची पापणी लवायला लागते तेवढ्या वेळात हे अब्जावधी वेळा होऊन जाईल. माळेला आपण तुटलो हे कळायच्या आत तुटलेली असते बिचारी. हे असं का होतं, यावर मोठीमोठी डोकी अजून भांडतायत म्हणे. मी आपला यंत्र बसवतो."

"आणि ज्या माळेवर एकच प्रभार असेल ती?"

"तिनं इलेक्ट्रॉन घेतला की संपलं. प्रभार शून्य. यंत्राला दिसेनाशी होते. असते तिथेच, पण आपल्या लेखी नाही." त्याने वेफर्सची पिशवी पुढे केली. "आणि काही तर अशा असतात की धागा तुटलेला असतो, पण दोन्ही तुकडे एकमेकांना धरूनच राहतात. लांबून बघाल तर धडधाकट."

शिडीबाईंनी वेफर्स घेतले नाहीत. त्यांना एकच प्रश्न पडला होता आणि तो विचारायची भीती वाटत होती. तरी विचारला.

"मण्यावर काही नाजूक लागलेलं असेल, साखर वगैरे, तर त्याचं काय होतं?"

"तीच तर गंमत!" इंजिनिअर खुर्चीतून पुढे सरकला. "भट्टीत काय व्हायचं? अख्खी माळ तापायची, थरथरायची, आणि सगळ्यात कच्चं जे असेल ते आधी गळायचं. साखर पहिली. ती गेल्यावर धागा तुटायचा. तुमच्या हातात मणी येणार बोडकाच. इथे थरथर कच्च्या जागेपर्यंत पोचायच्या आत धागा तुटून मोकळा. साखर जागच्या जागी. हं, सोडले बघा."

पडद्यावर आधी खालची सपाट रेघ नुसती शहारली. मग एक अंकुर वर आला. मग दुसरा. मग डावीकडे, उजवीकडे, मध्ये, एकामागून एक रेघा उभ्या राहू लागल्या. एकेक माळ एकाच ठिकाणी तुटत होती, पण आत लाखो माळा होत्या, आणि प्रत्येकीने आपापली जागा निवडली होती. सगळ्या मिळून शिडी पुरी करत होत्या. शिडीबाईंनी आयुष्यभरात हजारो शिड्या वाचल्या होत्या. मोडक्या, पायऱ्या गळालेल्या, अंदाजाने भरून काढलेल्या. इतकी सुबक शिडी त्यांनी कधी पाहिली नव्हती. अंगावर काटा आला. अरे, हे सगळं असंच होतं तर! डोळ्यांना न दिसणारी, कुणी न घडवलेली ही एवढीशी वस्तू, तिच्यात इतकी शिस्त, आणि एवढ्याशा इलेक्ट्रॉनने ती अशी पानासारखी उघडून दाखवावी. सत्तावीस वर्षं ज्या वस्तूची भाकर खाल्ली तिची आपण आज पहिल्यांदा ओळख करून घेतोय, असं त्यांना वाटलं आणि डोळे भरून आले.

मग सवयीने त्यांनी मोजायला सुरुवात केली. पहिला मणी आर्जिनिन, तो ठाऊकच होता. दुसरा, सत्तावन्न. मग एकशे शहाण्णव, म्हणजे नव्याण्णव आणि सत्त्याण्णव एकत्र, कारण चौथा मणी प्रोलिनचा, आणि त्याच्या अलीकडे धागा तुटला तरी प्रोलिनचं कडं तुकडे सोडत नाही. बरोबर. पाचवा, नव्याण्णव. सहावा.

दोनशे नव्वद.

त्यांनी पुन्हा वजाबाकी केली. दोनशे नव्वद. सत्त्याऐंशी आणि दोनशे तीन.

"अहो मॅडम," इंजिनिअर पडद्याकडे बघत म्हणाला, "ही घाण भलतीच शहाणी आहे की. नेमकी सहाव्यावर जाऊन बसलीये. तुम्ही मला मोकळी म्हणून चुकून दुसरीच नळी दिलीत."

"नाही," शिडीबाई म्हणाल्या. "नळी बरोबर आहे."

त्या आकड्यांचा कागद घेऊन सरांकडे गेल्या. सरांनी कागद बघितला, चष्मा वर केला, पुन्हा बघितला, आणि त्यांचाही चेहरा क्षणभर उजळला, कारण काही झालं तरी माणूस हाडाचा शास्त्रज्ञ होता. मग त्यांना नळीवरचं अक्षर आठवलं असावं.

"बाई, तेव्हाच्या यंत्रानं जेवढं दाखवलं तेवढं आपण लिहिलं," ते म्हणाले. "यात चूक कसली? आता जुनी मढी कशाला उकरायची? ती कुठे असेल, काय करत असेल. सुखात असेल."

सरांचं म्हणणं अर्धं खरं होतं. यंत्राने दाखवलं ते सत्त्याऐंशी. पण 'मोकळा' हे यंत्राने नव्हतं लिहिलं. तापवल्यावर साखर गळून गेली असेल का, हा प्रश्न खारूताईने तेव्हा दहादा विचारला होता. त्याला प्रामाणिक उत्तर तिसऱ्या चौकटीत होतं. पण शिडीबाईंनी ती चौकट उभ्या जन्मात वापरली नव्हती. सर येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे, "आमच्या बाईंकडून 'सांगता येत नाही' असा कागद कधी येत नाही." त्या कौतुकाची त्यांना चटक लागली होती. भट्टी साखर गाळते हे पुढे सगळ्यांनाच उघड झालं, शिडीबाईंनाही. तेव्हापासून त्या साखरेच्या नमुन्यांना हात जपून लावत. पण खालच्या खणातली ती नळी काही त्यांनी बाहेर काढली नव्हती.

घरी संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवरा इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. हातातला पाना पुसत त्याने सगळं ऐकून घेतलं.

"त्या सहाव्या मण्याचं मला काही कळलं नाही," तो म्हणाला. "पण लिफ्ट माझ्या हातून अडकली तर दार उघडल्यावर पहिलं तोंड मी माझं दाखवतो. लोक शिव्या घालतात. घालू देत. नाही दाखवलं तर कुणी विचारणार नसतं गं, पण त्या इमारतीत परत पाऊल टाकवत नाही."

"ती मला दारातही उभी करणार नाही."

"मग दाराबाहेरून सांग."

खारूताईचा पत्ता लागायला चार दिवस लागले. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका रक्त तपासणी केंद्रात ती कामाला होती. शिडीबाई सकाळी साडेसातला तिथे पोचल्या, चिठ्ठी घेतली आणि उपाशीपोटी बसलेल्या वीसेक माणसांत जाऊन बसल्या. काचेच्या पलीकडे एक बाई भराभर दंडाला पट्टी बांधत होती, सुई टोचत होती, नळ्यांवर नावं लिहीत होती. केस पिकले होते. हात मात्र तेच.

नंबर आला.

"उपाशी आहात ना?" मान वर न करता खारूताईने विचारलं.

"नाही. चहा घेतलाय."

"मग कशाला बसलात इतका वेळ? उद्या या, पाण्याशिवाय काही..." आणि तिने वर पाहिलं. पेन हातात तसंच राहिलं.

शिडीबाई वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं विसरून गेल्या. "तुझी... तुमची नळी परत वाचली," त्या म्हणाल्या. "नवीन यंत्रावर. साखर आहे. सहाव्यावरच आहे. माझं चुकलं होतं. तुझे हात स्वच्छ होते."

मागे कुणीतरी खोकलं. शिडीबाईंनी पुढे केलेला कागद खारूताईने घेतला. घडी उलगडली. तिच्या बोटाने आपोआप पायऱ्या चढायला सुरुवात केली आणि एका जागी ते थांबलं.

"बाई," ती अगदी शांतपणे म्हणाली, "माझे हात घाणेरडे होते असं मी सतरा वर्षं लोकांना सांगतेय. आईला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, पोरीला सांगितलं, की अगं मीच गोंधळ घातला होता, मलाच जमलं नाही. पुढेपुढे मला ते खरंच वाटायला लागलं. इथेसुद्धा दिवसातून पन्नास वेळा हात धुते मी. आता कुणाकुणाला परत सांगत फिरू? आई तर गेली."

शिडीबाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"अहो, रडायला काय झालं? टोचलं कुठे अजून?" मागचे एक आजोबा वैतागून म्हणाले.

खारूताईने कागदाची घडी घालून तो परत दिला. "नळीत काही उरलंय?"

"अर्धा थेंब."

"एकला सुटते मी," ती म्हणाली. "मला स्वतःला बघायचंय. आणि तुम्ही वाचून दाखवायचं नाही. पुढचा नंबर!"

दीड वाजता ती यंत्राच्या खोलीत उभी होती. चुंबकाभोवती तिने एक फेरी मारली, हात मागे बांधून. इंजिनिअरने तिला इलेक्ट्रॉनचं सगळं पुन्हा सांगितलं आणि ती मध्ये मध्ये असे प्रश्न विचारत गेली की त्याने वेफर्सची पिशवी बाजूला ठेवली. शिडीबाईंनी आपली खुर्ची ओढून तिला दिली आणि स्वतः भिंतीशी उभ्या राहिल्या. उरलेला अर्धा थेंब सुईत गेला. आता नळीत काही नव्हतं. पुन्हा दाखवायला जगात दुसरा थेंब नव्हता.

"सोडतो," इंजिनिअर म्हणाला.

रेघ शहारली. अंकुर वर आले. खारूताई जागची हलली नाही. तोंड किंचित उघडं, डोळे पडद्याला लागलेले, आणि दोन्ही हात मांडीवर उताणे. रेघा उभ्या राहत गेल्या तसतशी तिच्या तोंडून एकच उद्गार बाहेर पडत होता, अगदी हळू, श्वासाबरोबर. "अगं बाई... अगं बाई गं..."

मग तिने मोजायला घेतलं. कागद मागितला नाही, पट्टी मागितली नाही. "सत्तावन्न. एकशे शहाण्णव, प्रोलिन आला इथे. नव्याण्णव." ती थांबली. "दोनशे नव्वद," ती म्हणाली. आणि पुढे गेली. "एकशे एक."

दार उघडून सर आत आले. तिला बघून दारातच अडखळले, मग दोन्ही हात पसरून पुढे झाले.

"अरे, तू! किती वर्षांनी! छान, छान. बघितलंस ना? तेव्हा आपलं यंत्रच तसं होतं गं, त्या यंत्राची मर्यादा..."

"यंत्राची नाही, सर," भिंतीशी उभ्या असलेल्या शिडीबाई म्हणाल्या. सत्तावीस वर्षांत त्यांनी सरांचं बोलणं मध्येच तोडायची ही पहिली वेळ. "यंत्राला माहीत नव्हतं, आणि मलाही माहीत नव्हतं. तरी मी 'मोकळा' लिहिलं. आणि तुम्ही 'घाण' म्हणालात. हिचं बरोबर होतं."

सर काहीतरी बोलायला गेले. नमुना संपत आला होता, पडद्यावरच्या रेघा थरथरून खाली बसायला लागल्या होत्या. खारूताईने मान न वळवता एक हात वर केला.

"दोघंही जरा गप्प बसा," ती म्हणाली. "अजून दोन मणी राहिलेत."